विश्लेषण : साने गुरुजींच्या गोष्टी वाचण्यापेक्षा ऐकायच्या का असतात? दापोली तालुक्यातून निघालेल्या कथाकथनाच्या परंपरेची कहाणी

दाभोळ (जि. रत्नागिरी) : दरवर्षी २४ डिसेंबर जवळ आला, की राज्यभरातील शाळांमध्ये कथाकथनाची तयारी सुरू होते. निमित्त असते साने गुरुजींच्या जयंतीचे. ‘श्यामची आई’चे लेखक एवढीच त्यांची ओळख अनेकांना असते. मात्र माणसांना एकत्र बसवणे आणि त्यांना तोंडी गोष्ट सांगणे, तीही स्वतःच्या आयुष्यातली, हा त्यांच्या साऱ्या कामाचा मूळ धागा होता. दाभोळ ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पालगड हे त्यांचे जन्मगाव. आज शहरांमध्ये स्वतःची गोष्ट सांगण्याचे जाहीर कार्यक्रम होऊ लागले असताना, हेच काम नव्वद वर्षांपूर्वी करणाऱ्या या माणसाचे आयुष्य कसे होते आणि त्यातून उभी राहिलेली कथामाला काय आहे, याविषयी.

साने गुरुजींचा जन्म कुठे झाला?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगड येथे झाला. दापोली तालुक्याच्या दक्षिण टोकाला वाशिष्ठी नदीच्या मुखाशी दाभोळ बंदर आहे, तर पालगड तालुक्याच्या आतल्या, डोंगराळ भागात. किनाऱ्याने दाभोळहून उत्तरेकडे निघाले, की कोळथरे, बुरोंडी, लाडघर ही गावे लागतात. यातील लाडघर ‘श्यामची आई’ वाचलेल्यांच्या ओळखीचे असते. आईबरोबर तिथल्या तामस्तीर्थावर गेल्याची हकीकत पुस्तकात स्वतंत्र प्रकरण होऊन आली आहे.

हा प्रदेश गोष्टींना नवखा नव्हता. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातील मोठे बंदर. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात फिरला आणि परतीच्या प्रवासासाठी याच बंदरातून जहाजात बसला. त्याने लिहिलेली प्रवासाची हकीकत आजही वाचली जाते. पुढे आगबोटींच्या काळात दाभोळ, हर्णै या बंदरांतून माणसे मुंबईला जात आणि शिमगा-गणपतीला परतताना तिकडच्या गोष्टी घेऊन येत. गावात नमन, जाखडी, कीर्तन, पुराण यांची रेलचेल असे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही रामायण-महाभारत ठाऊक असे, ते ऐकून.

त्यांच्या लहानपणी घरात कोण गोष्टी सांगत असे?

साने यांचे घराणे खोतांचे. खोत म्हणजे सरकारच्या वतीने गावचा सारा वसूल करणारा वतनदार. आजोबांच्या काळी घर सुखवस्तू होते. वडील सदाशिवराव लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेले. मात्र त्यांच्या काळात भाऊबंदकी, कर्ज आणि कोर्टकचेऱ्यांनी घराची स्थिती खालावत गेली.

आई यशोदाबाई. श्रावणातल्या कहाण्या, व्रतांच्या कथा, ओव्या, देवाची स्तोत्रे हे सारे तिच्या तोंडून मुलाच्या कानावर पडले. कोकणातल्या त्या काळच्या असंख्य घरांत बायकांनी हेच केले. कहाणीची एक पद्धत असते. सांगणारी सांगते, बाकीच्या हातात अक्षता घेऊन ऐकतात आणि गोष्ट पुरी झाल्याशिवाय कोणी उठत नाही. ऐकणे हाही त्या व्रताचाच भाग. सांगणाऱ्याइतकाच ऐकणाराही महत्त्वाचा ही समज साने गुरुजींच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते. तिचे मूळ या माजघरात आहे.

आईने गोष्टींबरोबर शिस्तही दिली. पाण्याला घाबरून लपून बसलेल्या मुलाला शिंपटीने मारत विहिरीकडे पाठवणारी, भाजी अळणी झाली तरी नवरा-मुले काही न बोलता जेवली म्हणून हळहळणारी, पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनाचीही तशीच काळजी घ्यायला शिकवणारी ही आई पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली.

त्यांचे शिक्षण कसे झाले?

सुरुवातीचे शिक्षण पालगडला झाले. काही काळ पुण्यात मामांकडे गेला. त्यानंतर दापोलीच्या मिशन शाळेत प्रवेश घेतला. आजचे ए. जी. हायस्कूल ते हेच. भारतरत्न पां. वा. काणे यांच्यासारखे विद्वानही या शाळेत शिकले. सुट्टी लागली, की दापोलीहून पायी पालगड गाठायचे आणि परत यायचे, असा साने यांचा क्रम असे.

घरची परिस्थिती इतकी ढासळली, की दापोलीचा खर्चही झेपेना. गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून मुलगा एकटा सातारा भागातील औंध संस्थानात गेला. तिथे प्लेगची साथ आली. मग पुण्यात नूतन मराठी विद्यालयात शिकून १९१८ मध्ये तो मॅट्रिक झाला. पुढे न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, मराठी आणि संस्कृत घेऊन पदवी मिळवली आणि नंतर एम. ए. केले.

या धावपळीतच २ नोव्हेंबर १९१७ रोजी पालगडला आईचे निधन झाले. मुलगा शिक्षणासाठी दूर होता. शेवटची भेट झाली नाही. ही सल आयुष्यभर राहिली आणि सोळा वर्षांनी तिचे पुस्तक झाले.

सानेसरांचे ‘गुरुजी’ कसे झाले?

पदवीनंतर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. १९२४ पासून तिथल्याच शाळेत शिकवू लागले. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले झोपेत असताना त्यांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घडी करून ठेवणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे या गोष्टी ते स्वतः करत. उपदेश न करता काम करून दाखवण्याची ही पद्धत मुलांना नवी होती.

वर्गात आणि वसतिगृहात त्यांचे मुख्य साधन होते गोष्ट. इतिहास असो की संस्कृत, विषय गोष्टीतून उलगडायचा. रोज नव्या मजकुराचे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढत आणि पुढे ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. लाजाळू, गर्दीत अवघडणारा हा शिक्षक मुलांमध्ये बसला, की तासन्‌तास बोलत असे. ‘गुरुजी’ ही पदवी त्यांना कोणत्या संस्थेने दिली नाही, ती अमळनेरच्या मुलांनी दिली.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि त्यांनी नोकरी सोडली. सहा वर्षांची शाळेतली शिक्षकी संपली. शिकवणे मात्र थांबले नाही. वर्गाची जागा तुरुंगाने घेतली.

तुरुंगात त्यांनी काय केले?

१९३० नंतर साने गुरुजींना अनेकदा तुरुंगवास झाला. धुळे, नाशिक आणि तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली या तुरुंगांना त्यांच्या आयुष्यात विशेष महत्त्व आहे. तिरुचिरापल्लीत दक्षिणेतील अनेक भाषांचे राजबंदी एकत्र होते. एकमेकांच्या भाषा येत नाहीत, त्यामुळे एकमेकांच्या गोष्टीही कळत नाहीत, हे त्यांना तिथे प्रकर्षाने जाणवले. ते तमिळ शिकले. तिरुवळ्ळुवरांचा ‘कुरल’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. भारतीय भाषांतील माणसांनी एकमेकांना जाणून घ्यावे यासाठी पुढे त्यांनी मांडलेल्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे बीज इथे आहे.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये वेगळीच गोष्ट घडली. विनोबा भावे दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे सलग अठरा रविवार, अठरा अध्याय. विनोबांनी ते लिहून आणलेले नसे. श्रोत्यांमध्ये बसून साने गुरुजी बोलण्याच्या वेगाने ते उतरवून घेत. आज घरोघरी असलेले ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक म्हणजे साने गुरुजींच्या कानांनी टिपलेला मजकूर आहे. गोष्ट सांगणारे म्हणून ते प्रसिद्ध झाले, पण त्याआधी ते असे एकाग्र श्रोते होते, हे अनेकदा विसरले जाते.

‘श्यामची आई’ बेचाळीस रात्रींत का सांगितली आहे?

नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी गुरुजींनी आईच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे हातावेगळ्या केल्या. दिवसा तुरुंगातील काम, रात्री आणि पहाटे लेखन असे हे पाच दिवस होते. काही भाग सुटकेनंतर लिहिला. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाची रचना नीट पाहिली, तर ते वाचण्यासाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी बेतले आहे हे लक्षात येते. त्यात ‘प्रकरण’ असा शब्द नाही. पहिली रात्र, दुसरी रात्र असे करत बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत ते जाते. एका आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली, की श्याम आपल्या आईची एक आठवण सांगतो. मित्र ऐकतात, गावातली माणसे येऊन बसतात, मुले येतात. कोणाला यायला उशीर झाला, तर त्याची वाट पाहिली जाते. गोष्ट संपली, की थोडे बोलणे होते आणि माणसे आपापल्या घरी जातात.

म्हणजे लेखकाने आत्मचरित्र न लिहिता एक मैफल लिहिली. वाचणाराही त्या मैफलीच्या कडेला येऊन बसतो. वाक्ये छोटी, बोलण्याच्या लयीतली आहेत. त्यामुळे हे पुस्तक मोठ्याने वाचायला सोपे जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या घरांत, शाळांत ते मोठ्यानेच वाचले गेले. ज्यांनी स्वतः ते पुस्तक कधी हातात धरले नाही, अशा कित्येकांना त्यातले प्रसंग तोंडपाठ असतात.

स्वतःची गोष्ट सांगण्यात त्या काळी नवे काय होते?

कीर्तनकार देवाची, संतांची गोष्ट सांगे. शाहीर वीराची सांगे. सामान्य माणसाने चारचौघांत बसून स्वतःच्या घरातली गोष्ट सांगणे ही रीत नव्हती. उलट घरातले घरातच ठेवायचे, हा संस्कार होता. कर्ज झाले, अपमान झाला, तर तो झाकायचा. अब्रू ही सर्वांत मोठी ठेव मानली जाई.

साने गुरुजींनी नेमके तेच उघड केले. सावकाराचा माणूस दारात येऊन काय बोलतो, घराण्याचे नाव असलेल्या घरावर जप्तीची दवंडी कशी पिटली जाते, घरात तेल असले तर मीठ का नसते, हे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. स्वतःलाही त्यांनी सोडले नाही. मोठे होण्याच्या ध्यासातून केलेली चोरी, भित्रेपणा, आईवर काढलेला राग, हे सारे श्याम सांगतो. या गोष्टींत नायक चुकतो आणि त्याला सावरणारी असते अक्षरओळखीपलीकडे फारसे न शिकलेली एक बाई.

याचा परिणाम ऐकणाऱ्यांवर झाला. घरात कर्ज आहे, वडील हतबल आहेत, आई आजारी आहे, अशी परिस्थिती असलेल्या हजारो मुलांना कळले, की हे फक्त आपल्याच घरात नाही. लपवलेली गोष्ट माणसाला एकटे पाडते. तीच चारचौघांत सांगितली, की तिचा भार वाटला जातो. साने गुरुजींच्या कथाकथनाचे मर्म इथे आहे. एरवी रडवणाऱ्या पुस्तकांची कमतरता कधीच नव्हती.

त्यांनी इतरांच्या गोष्टी ऐकल्या का?

ऐकल्या आणि जपल्याही. जात्यावर दळताना, बाळाला झोपवताना बायका ज्या ओव्या म्हणत, त्या त्यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या आणि ‘स्त्री-जीवन’ या दोन भागांच्या संग्रहात छापल्या. माहेर, सासर, भाऊ, बाळंतपण, दारिद्र्य हे बायकांचे आयुष्य या ओव्यांमध्ये त्यांच्याच शब्दांत आहे. विठोबाला सखा मानून त्याच्याशी भांडणारी बाईही त्यात आहे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जात्यावरचे गाणे मागे पडत गेले. ते पूर्ण हरवण्याआधी हे काम झाले.

परक्या गोष्टीही त्यांनी मराठीत आणल्या. व्हिक्टर ह्यूगोची मोठी कादंबरी त्यांनी ‘दुःखी’ या नावाने मराठी वाचकाला सांगितली. ‘गोड गोष्टी’ या मालेत जगभरातील कथा मुलांसाठी आणल्या. ‘भारतीय संस्कृती’ लिहिणाऱ्या या लेखकाने ‘इस्लामी संस्कृती’ही लिहिली. समुद्रकाठची जुनी मशीद आणि गुहेतले चंडिकेचे देऊळ एकाच गावात असलेल्या दाभोळसारख्या ठिकाणी या जोडीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पंढरपूरच्या उपोषणाचा गोष्टींशी काय संबंध?

वरवर पाहता काहीच नाही. प्रत्यक्षात फार जवळचा आहे. वारीत सर्व जातींची माणसे एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, एकत्र कीर्तन ऐकत. मात्र विठ्ठल मंदिराच्या दाराशी आले, की दलितांना थांबावे लागे. संत चोखामेळ्याची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. अभंग सर्वांनी ऐकायचे आणि देव काहींनीच पाहायचा, ही विसंगती साने गुरुजींना सहन झाली नाही.

१९४७ च्या सुरुवातीपासून त्यांनी महाराष्ट्राचा दौरा केला. राष्ट्र सेवा दलाचे तरुण, गाणारे कलापथक बरोबर असे. गावोगावी सभा होत. या दौऱ्यात अनेक गावांनी आपली मंदिरे आणि पाणवठे दलितांसाठी खुले केले. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केले. कडाडून विरोध झाला. चुकीची माहिती पोहोचल्याने महात्मा गांधींनीही सुरुवातीला उपोषण थांबवण्याचा सल्ला दिला. गुरुजी ठाम राहिले. गणेश वासुदेव मावळंकर यांनी मध्यस्थी केली, मंदिर खुले करण्याचा मार्ग निघाला आणि दहाव्या दिवशी, १० मे रोजी, उपोषण सुटले.

‘श्यामची आई’त एक प्रसंग आहे. वृद्ध दलित स्त्रीच्या डोक्यावर मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते. शिवाशिव मानली जाणाऱ्या काळातले ते वागणे. घरी येऊन आंघोळ कर, असेही ती सांगते. तिचे पाऊल तिच्या काळाइतके होते. मुलाने पुढचे पाऊल पंढरपुरात टाकले.

शेवटची वर्षे कशी होती?

१९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत राहिले आणि पुढे पकडले गेले. शेतकरी आणि गिरणी कामगारांच्या लढ्यांतही ते होते. स्वातंत्र्यानंतर वर्षभराने, १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही पुण्यातून निघते. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे त्यांनी याच साप्ताहिकात छापली आणि पुढे ती ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकरूपात आली. एका मुलीशी मारलेल्या गप्पा असे त्यांचे रूप आहे.

मात्र फाळणीची हिंसा, गांधीजींचा खून आणि त्यानंतर महाराष्ट्रात उसळलेला जातीय द्वेष यांनी ते आतून खचले होते. गांधीहत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. वय अवघे पन्नास वर्षांचे होते. चाहत्यांना आणि सहकाऱ्यांना हा मोठा धक्का होता. इतरांच्या दुःखाला शब्द देणाऱ्या माणसाचे दुःखही कोणीतरी ऐकायला हवे असते, ही त्यांच्या आयुष्याने मागे ठेवलेली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

कथामाला म्हणजे काय?

गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईतून साने गुरुजी कथामालेचे काम उभे केले. मुलांना रमवणे ही देवाचीच सेवा, अशी गुरुजींची धारणा होती. त्यावर ही चळवळ उभी राहिली. पुढे तिच्या शाखा राज्यभर आणि राज्याबाहेरही पसरल्या.

कल्पना साधी आहे. शाळेत, वाचनालयात किंवा वस्तीतल्या मंदिराच्या ओट्यावर ठरलेल्या दिवशी मुले जमतात. शिक्षक किंवा कार्यकर्ता गोष्ट सांगतो, वाचून दाखवत नाही. प्रार्थना होते, गाणे होते, मुलेही गोष्ट सांगतात. यासाठी ना मोठी जागा लागते, ना खर्च. त्यामुळेच खेड्यातला एखादा उत्साही शिक्षकही ती वर्षानुवर्षे चालवू शकतो. शिक्षकांना गोष्ट कशी सांगावी याची शिबिरे होतात, कथाकथन स्पर्धा आणि अधिवेशने भरतात.

मोठ्यांसाठीही मराठीत कथाकथनाची परंपरा फुलली. १९६० च्या दशकापासून व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले आणि तिकीट काढून गोष्ट ऐकणारा श्रोता तयार केला. चित्रपटानेही श्यामची गोष्ट पुढे नेली. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ला पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा याच कथेवर चित्रपट केला.

साने गुरुजींवर टीका कोणती होते?

पहिला आक्षेप भावनांच्या अतिरेकाचा. श्याम फार रडतो, आई फार सोसते आणि सोसणे हाच बाईचा गुण ठरतो, असे अनेक वाचकांना वाटते. आजच्या मुलीला ही आई आदर्श म्हणून द्यावी का, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरा आक्षेप खोतीविषयी. साने कुटुंबाची पडझड वाचकाला हळवे करते. मात्र खोतीच्या पद्धतीत कुळांचे शोषण होत असे आणि तिच्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. ज्या दापोली-मंडणगड भागात श्याम वाढला, त्याच भागात आंबेडकरांच्या कुटुंबाची मुळे आहेत. खोताच्या घरातली गोष्ट महाराष्ट्राने ऐकली. कुळाच्या घरातली गोष्ट ऐकायला दलित आत्मकथनांपर्यंत, म्हणजे १९७० च्या दशकापर्यंत, थांबावे लागले.

तिसरा प्रश्न कथाकथनाच्या आजच्या रूपाचा आहे. अनेक ठिकाणी त्याची स्पर्धा झाली आहे. मुले पाठ केलेली संहिता ठरावीक हातवाऱ्यांसह म्हणतात, परीक्षक गुण देतात, क्रमांक जाहीर होतो. पाठांतर वाईट नाही. मात्र गुरुजींच्या मैफलीत क्रमांक नव्हता. तिथे गोष्ट चांगली झाली की नाही, हे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कळत असे.

आज याचे महत्त्व काय?

न्यूयॉर्कमध्ये १९९७ मध्ये ‘द मॉथ’ हा उपक्रम सुरू झाला. खरी, स्वतःची गोष्ट, हातात कागद न घेता, श्रोत्यांसमोर सांगायची, हा त्याचा नियम. आता मुंबई-पुण्यातही असे कार्यक्रम होतात. २० मार्च हा दिवस अनेक देशांत जागतिक कथाकथन दिन म्हणून साजरा होतो. हे सारे नवे वाटते. मात्र स्वतःची गोष्ट, तोंडी, ठरलेल्या वेळी आणि ओळखीच्या माणसांत सांगण्याचा नमुना दापोली तालुक्यातल्या एका माणसाने १९३३ मध्येच लिहून ठेवला आहे.

कोकणातील गावांना या नमुन्याची आज विशेष गरज आहे. तरुण मुंबई-पुण्याकडे गेले आहेत, बरीच घरे वर्षातून दोनदा उघडतात, काही शाळांचा पट कमी होत आहे. बंदरावर काम केलेली, आगबोटीने मुंबईला गेलेली, गिरणीत राबलेली पिढी थकत चालली आहे. तिच्याजवळच्या आठवणी कोणत्याही पुस्तकात नाहीत.

त्यासाठी गुरुजींच्या पद्धतीतून घेण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. वेळ ठरलेली असावी आणि ती चुकू नये. एका वेळी एकाच माणसाने, एकच गोष्ट सांगावी. ती त्याची स्वतःची असावी आणि त्यात तो केवळ शूर नसावा. सर्व वाड्या-मोहल्ल्यांतील, सर्व जाती-धर्मांची माणसे एकाच जाजमावर बसावीत. मुलांना पुढे बसवावे, म्हाताऱ्यांना घाई करू नये. मोबाइलवर ध्वनिमुद्रण जरूर करावे, पण सांगणाऱ्याची परवानगी घेऊन आणि फोन बाजूला ठेवून.

पालगडला साने गुरुजींचे घर स्मारक म्हणून जपले आहे. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे आणि तिथे मुला-तरुणांची शिबिरे होतात. दाभोळकरांना तर पालगड एका दिवसात पाहून परत येता येते. तिथून परतल्यावर आजी-आजोबांसमोर बसून त्यांची एक आठवण शेवटपर्यंत ऐकून घेतली, तर त्या घरापुरती कथामाला सुरू झाली असे म्हणता येईल.